शहाबादी पाट्यांचं उतरतं छप्पर स्वतः घालता येईल का?

मोहोळ तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. शेतात २० बाय ३० फुटांचं घर बांधताहेत. भिंती त्यांनी एका गवंड्याला हाताशी धरून, सुट्ट्यांमध्ये स्वतःच उभ्या केल्यात. आता स्लॅब नको, उतरतं छप्पर हवंय. परदेशातलं एक जोडपं आपल्या घरावर दगडी पाट्या बसवतंय असे व्हिडिओ त्यांनी पाहिले आणि डोक्यात आलं, की शहाबादी फरशी तर आपल्याकडे ढिगानं मिळते. तिच्या पातळ पाट्या करून तसंच छप्पर घालता येईल का? हे काम स्वतः शिकता येईल का? आणि मृगाच्या आधी उरकेल का?

सर, पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. तिसऱ्याचं उत्तर तुमच्या घराला कॉंक्रीटचा पट्टा आहे का आणि पाया कशात आहे यावर आहे. या दोन्ही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सत्तावीस वर्षं छपरं घालतोय, त्यातली दोन वर्षं हिमाचलात कांगड्याकडे काढली. तिथं पाट्यांची घरं अजून आहेत, त्यामुळे तुम्ही पाहिलेलं काम मी हातानं केलेलं आहे.

आधी दगडाचं बघू. त्या व्हिडिओतली पाटी म्हणजे आपण शाळेत ज्यावर अक्षरं गिरवली तोच दगड. आंध्रातल्या मार्कापूरची पाटी आपल्याकडच्या पिढ्यांनी वापरली. हा दगड मुळात चिखलाचा, पण जमिनीखाली दाब आणि उष्णता सोसून असा बदललेला, की वहीच्या पानांसारखा सुटतो. छिन्नी लावली की पाच-सहा मिलिमीटरची पाटी निघते आणि पाणी जवळजवळ पीतच नाही. धरमशालेजवळ खनियाऱ्याला याच्या खाणी आहेत. शहाबादी हा चुनखडीचा दगड. तोही थरांत सुटतो, म्हणून तर फरशी होते, पण त्याचा थर जाड. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच शहाबाद आहे, म्हणून फरशी आपल्याला जवळची वाटते. पण जवळ आहे म्हणून ती पाटी होत नाही. आणि सोलापूरचा स्वतःचा काळा दगड तर थरांत सुटतच नाही, फुटतो.

मग जाड तर जाड, तशीच घातली तर? इथं वजनाचा हिशेब करा. तुमच्या घराला दोन्ही बाजूंना दोन फुटांची वळचण आणि ३० अंशांचा उतार धरला, तर एक पाखं उतारावरून पावणेचौदा फूट भरतं. लांबी दीड-दीड फूट बाहेर काढून ३३ फूट. दोन पाखी मिळून साधारण ९१५ चौरस फूट, म्हणजे ८५ चौरस मीटर. पाटीचं छप्पर एकेरी नसतं. खालच्या दोन पाट्यांची सांध वरच्या पाटीनं झाकायची आणि तिसऱ्या ओळीनं पहिलीवरही थोडं चढायचं, म्हणजे कुठंही बघितलं तर दोन, काही ठिकाणी तीन थर. एक इंची शहाबादीचा एक थर चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास जातो. सव्वादोन थर धरले तरी बारा टनांच्या वर ओझं होतं. खऱ्या पातळ पाटीचं हेच छप्पर सव्वातीन टनांत बसतं. बारा टनांसाठी तुम्हाला इतकं लोखंड लागेल, की त्यापेक्षा स्लॅब बरा. शिवाय एक इंची फरशीला ड्रिलनं भोकं पाडून ती खिळ्यांवर टांगायची, तीही मोहोळच्या उन्हात. नकोच. आणि हिमाचलातून पाटी मागवाल, तर भाडं दगडापेक्षा जास्त होईल आणि पाच वर्षांनी एक फुटली तर बदली कुठून आणणार?

म्हणून माझा सल्ला आहे मंगलोरी कौलाचा. तुम्हाला हे उत्तर जुनाट वाटेल. पण तुम्हाला पाटी का आवडली ते मला कळतं: एकेक तुकडा हातानं बसवायचा, सिमेंट नाही, डांबर नाही, तरी आत थेंब येत नाही. आढ्याची ओळ सोडली, तर कौलाचं काम अगदी हेच आहे. १८६० च्या दशकात बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला ही कौलं साच्यातून काढायला सुरुवात केली, त्याआधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौलं. ती दरवर्षी शाकारावी लागत, माकडानं उडी मारली की सरकत. मंगलोरीला खाचा आल्या, एक कौल दुसऱ्यात अडकतं. तुमच्या छपराला ही १२७५ च्या आसपास लागतील. सुकी असताना सव्वातीन-साडेतीन टन, पावसात भिजली की चारच्या जवळ. म्हणजे वजनाला पातळ पाटीच्या बरोबरीची.

आता शिकण्याबद्दल. कौल बसवणं दोन दिवसांत येतं, पाणी कुठून कसं जातं हे कळायला वेळ लागतो. मला ते कळलं ते माझ्याच चुकीमुळे. १९९८ साली अक्कलकोट तालुक्यात आमच्या गावी वडिलांच्या गोठ्यावर मी पहिल्यांदा एकट्यानं कौलं चढवली. रेषा अशी सुतात, की गावातली माणसं बघायला आली. रोहिणीतल्या पहिल्याच सरीला भिंतीच्या आतून ओल उतरली आणि खाली रचलेला कडबा भिजला. वडील काही बोलले नाहीत, नुसता भिजलेला कडबा बाहेर काढून उन्हात पसरत राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. कारण शोधायला मला चार दिवस लागले. वरच्या प्रत्येक ओळीचं खालचं टोक खालच्या कौलावर टेकतं, त्यामुळे ते कौलाच्या जाडीएवढं उचललं जातं. वळचणीच्या पहिल्या ओळीखाली मात्र कौलच नसतं. मी सगळ्या रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर अडकतात त्या आडव्या पट्ट्या, एकाच उंचीच्या घातल्या होत्या. पहिली ओळ नाक खाली घालून बसली, तिचा दुसऱ्या ओळीशी सांधा उघडा पडला आणि वाऱ्यानं पाणी त्यातून मागं शिरलं. वळचणीची रीप बाकीच्यांपेक्षा पाऊण इंच उंच हवी होती. बस्स, एवढंच. पुढं कांगड्यात पाहिलं, तर तिथले कारागीर पाट्यांच्या पहिल्या ओळीखाली अर्ध्या पाट्यांची एक चोरटी ओळ घालतात. कारण तेच.

तिथल्या उस्तादानं मला पहिला आठवडा छपरावर चढूच दिलं नाही. सकाळपासून पाट्यांच्या ढिगाशी बसवायचा आणि जाड, मध्यम, पातळ अशा तीन राशी लावायला सांगायचा. जाड पाट्या वळचणीला, पातळ आढ्याकडे. मग भोक पाडायला शिकवलं: पाटी पालथी घालायची आणि मागून ठोकायचं, म्हणजे पुढच्या बाजूला खपली उडून वाटीसारखा खळगा होतो आणि खिळ्याचं डोकं त्यात बुडतं. खिळा कधी आवळून ठोकायचा नाही. पाटी खिळ्यावर लटकली पाहिजे, दाबली गेली की थंडी-उन्हात तडकते. तुम्ही कौलं घालणार असलात तरी हे सांगतोय, कारण कौलाची तारही तशीच बांधायची असते, कौल सुटणार नाही एवढी, पण थोडं हलू शकेल अशी.

तुम्हीही आठवडाभर खालीच बसा. कौलं उतरवून घेतली की प्रत्येकाला बोटाच्या पेरानं टिचकी मारा. चांगलं भाजलेलं कौल खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. हजार कौलांना टिचक्या मारून बोट सुजतं, म्हणून मी लाकडी मुठीची छोटी हातोडी वापरतो. मग पाच-सहा कौलं निवडून कडकडीत सुकवा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवा, बाहेर काढून फडक्यानं पुसा, पुन्हा वजन करा. अडीच किलोच्या कौलानं अर्ध्या किलोपेक्षा जास्त पाणी प्यायलं, तर तो माल परत करा. भारतीय मानकात साध्या प्रतीच्या कौलाला २० टक्क्यांची आणि वरच्या प्रतीला १८ टक्क्यांची मर्यादा आहे. विकणारा हसेल, हसू द्या.

जुनी कौलं घ्यावीत का, असं पुढं विचाराल म्हणून आत्ताच सांगतो. सोलापुरात जुन्या चाळी, गोदामं पाडली की चांगली कौलं निघतात आणि भाजणी आजच्यापेक्षा सरस असते. पण सगळी एकाच कारखान्याची हवीत. कौलाच्या पाठीवर शिक्का असतो तो बघा. दोन साच्यांची कौलं शेजारी बसत नाहीत, खाच अर्ध्या सुतानं चुकते आणि मग कितीही ठोका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे व्हिडिओत कधी दिसत नाही: कौलाखालचा सांगाडा. मला दुरुस्तीला बोलावतात त्या दहातल्या सात-आठ घरांत कौल निर्दोष असतं, खालचं काहीतरी हललेलं असतं. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमात नेलेला नसेल, तर घराचा एक कोपरा वर-खाली होतो, आढं वाकतं आणि कौलांच्या खाचा सुटतात. तुमचा पाया मुरमापर्यंत गेलाय का, आणि भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी सलग कॉंक्रीटचा पट्टा आहे का, एवढं आधी बघा. नसेल तर यंदा छप्पर विसरा. तो पट्टा ओता, भरपूर पाणी मारा आणि वर तात्पुरता पत्रा टाका. उतरत्या छपराचे वासे भिंतींना बाहेर ढकलत असतात. कैचीला, म्हणजे वाशांच्या त्रिकोणी चौकटीला, खालून आडवी ताणपट्टी नसेल आणि पट्टाही नसेल, तर भिंत पोट काढते.

लाकूड की लोखंड, हा प्रश्न मी आता वादात घेत नाही. लाकूड सुंदर दिसतं, पण आपल्याकडची वाळवी आणि आजचे सागवानाचे भाव पाहता चौकोनी लोखंडी पाइपच्या कैच्या आणि रिपा करा. कैच्यांची मापं इंजिनिअरकडून काढून घ्या. हे एक काम मी तुम्हाला स्वतः करू देणार नाही, आणि मीही करत नाही. चार टन ओझं वर आहे, हे जसं कारण, तसंच दुसरं उलटं कारण आहे: वळवाच्या वाऱ्यात हेच छप्पर वर उचललं जातं. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी जी वावटळ सुटते ती वळचणीखालून घुसते. त्यामुळे पट्टा ओततानाच बोल्ट सोडून ठेवायचे आणि प्रत्येक कैची त्याला कसायची. नुसत्या वजनावर विसंबलेली छपरं शेजारच्या शेतात जाऊन पडलेली मी पाहिलीत. उतार तीस अंशच ठेवा. वीसच्या आसपास आलात, तर वाऱ्याबरोबर पाणी खाचेतून वर चढतं. तिसाला तुमचं आढं भिंतीच्या माथ्यापासून पावणेसहा फूट वर येईल.

कैच्या बसल्या की वेल्डरला थांबवा आणि रिपांची मापं स्वतः घ्या. पुस्तकात साडेबारा इंच लिहिलेलं असतं, ते धरून चालू नका. जमिनीवर अकरा कौलं एकमेकांत अडकवून एका उभ्या रांगेत लावा. सगळी घट्ट सारून पहिल्या खुंटीपासून (कौलाच्या पाठीवरचा, रिपेत अडकणारा उंचवटा) शेवटच्या खुंटीपर्यंत मोजा. मग खाचेतून न सुटता जेवढी ताणता येतील तेवढी ताणून पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी, भागिले दहा, हे तुमच्या रिपांचं अंतर. आडवंही तसंच करा आणि गेबलची, म्हणजे आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीच्या बाजूची, बाहेर काढलेली लांबी इंचभर कमी-जास्त करून एका ओळीत पूर्ण कौलं बसवा. तुमच्या ३३ फुटांत ४९ बसतील आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत १३ ओळी. कौल कापायची वेळच येऊ नये. रिपांच्या खुणा करताना दरवेळी मागच्या रिपेपासून मोजू नका, सुतासुताची चूक साठत जाते आणि तेराव्या ओळीला बोटभर फरक पडतो. टेप एकदाच वळचणीपासून लावा आणि सगळ्या खुणा त्याच टेपवर करा. पाख्याचे दोन्ही कर्ण मोजा, पावणेछत्तीस फुटांच्या जरासे वर येतील. दोघांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर रिपा डागू नका. वेल्डर म्हणेल, "चालतंय की सर." चालत नाही.

शिकण्यासाठी एक युक्ती सांगतो. छपरावर जाण्याआधी अंगणात चार बाय सहा फुटांचा एक सांगाडा तीस अंशांत उभा करा, त्यावर चार-पाच ओळी लावा आणि वरून नळी सोडून खालून बघत बसा. मुद्दाम एक कौल थोडं सरकवा, वळचणीची रीप काढून बघा, नळी खालून वर मारा. एक रविवार जाईल, पण माझा गोठ्यातला धडा तुम्हाला कडबा न भिजवता मिळेल. उजवीकडून सुरू करायचं की डावीकडून, तेही तिथंच कळतं: पुढचं कौल आधीच्याच्या ओठावर चढलं पाहिजे. तो सांगाडा पुढं कोंबड्यांच्या खुराड्यावर कामाला येतो.

वर गेलात की तीन गोष्टी सांभाळा. कौलं दोन्ही पाख्यांवर बरोबरीनं चढवा. एकाच बाजूला सगळा ढीग लावला, तर कैच्या तिकडे कलतात. चालताना पाय कौलाच्या मध्यावर नको, खालच्या टोकाला, जिथं खाली दुसरं कौल आणि रीप आहे तिथं, आणि शक्यतो आढ्यावर अडकवलेल्या शिडीवरच. आणि कमरेचा नव्हे, पूर्ण अंगाचा पट्टा, दोर आढ्याला. एकट्यानं कधीच चढू नका. माझ्या हाताखालचा एक पोरगा फक्त नऊ फुटांवरून पडला, अजून लंगडतो. उंचीवर पाय कापत असतील तर लाज धरू नका. कौलं खालून देण्याचं आणि निवडण्याचं काम तुम्ही करा आणि वर एक मिस्त्री घ्या. तरीही छप्पर तुमचंच.

वळचणीची ओळ, गेबलच्या दोन्ही कडा आणि आढ्याखालची ओळ इथलं प्रत्येक कौल तारेनं रिपेला बांधा. बहुतेक कौलांना मागे खुंटीजवळ भोक असतं. मधल्या भागात तिसरं-चौथं कौल बांधलं तरी पुरतं, पण तुमचं घर उघड्या माळावर असेल तर एक आड एक बांधा. तार जस्त चढवलेली घ्या, साधी बांधणीची तार चार पावसाळ्यांत गंजून तुटते.

आढ्याच्या कौलांखाली लोक मसाला (सिमेंट-वाळू) ठासून भरतात. तसं नका करू. दोन्ही कडांनाच पट्टी द्या, मधे पोकळ ठेवा. कौल आधी भिजवून घ्या, नाहीतर ते मसाल्यातलं पाणी ओढून घेतं. उन्हं चढायच्या आत काम संपवा आणि ओल्या पोत्यांनी सात दिवस झाका. आपल्याकडे आढं गळतं त्याचं कारण बहुतेकदा दुपारी दोन वाजता लावलेला मसाला असतो. उजेडासाठी छपराला खिडकी वगैरे काढू नका, चार काचेची कौलं घाला, ती त्याच खाचेत बसतात. आणि दोन पाखी काटकोनात भेटून मधे पन्हळ होईल असा पुढचा व्हरांडा या पहिल्या छपरात नकोच. माझ्या गळतीच्या तक्रारींत आढ्यानंतर नंबर पन्हळीचाच लागतो.

उकाड्याचाही विचार करून ठेवा. माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला कौलाखाली मे महिना सोसत नाही. पांढऱ्या मातीचा तो हातभर थर दुपारभर ऊन धरून ठेवायचा, कौल ते लगेच खाली देतं. कौलाखाली सपाट सिलिंगचं कौल किंवा फळ्यांचं छत घाला, दोन्हींत चार-सहा इंच जागा सोडा आणि गेबलमध्ये वरती झरोका ठेवा, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. झरोक्याला जाळी लावा, नाहीतर पारवे राहायला येतात.

आता मृगाचं. आज सांगाडा तयार असता, तर दोघातिघांनी सकाळी अकरापर्यंत आणि संध्याकाळी चारनंतर काम करून १२७५ कौलं दहा-बारा दिवसांत चढतात. पण तुमचा सांगाडा अजून कागदावर आहे. वेल्डरची तारीख, रंगाचे दोन हात, कौलांची गाडी हे सगळं धरलं तर दोन महिने सहज जातात. जूनच्या तोंडावर पोहोचणार असाल तर घाई करू नका, कारण अर्धवट पाख्यावर वळीव आला तर बांधलेलं उचकटतं. ताडपत्रीखाली पावसाळा काढा आणि दिवाळीनंतर सुरू करा. आपल्याकडचा पाऊस बघितला, तर उत्तरा-हस्तातला सप्टेंबरचा पाऊसच छपराची खरी परीक्षा घेतो. त्याला सामोरं जाताना काम पुरतं झालेलं हवं.

काम झाल्यावर नळीची परीक्षा घ्या, पण वरून नाही. वळचणीच्या ओळीवर दहा मिनिटं, मग तिच्या वरच्या, असं एकेक ओळ वर जात. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. वरून सोडलं तर पाणी सगळीकडे पसरतं आणि कुठल्या ओळीत दोष आहे ते कळत नाही. ज्या ओळीला थेंब आला तिथंच थांबायचं, दोन-तीन कौलं काढायची, बघायचं.

आणि कौलं १४५० मागवा. वाटेत, चढवताना चाळीस-पन्नास फुटतीलच. उरलेली शंभरेक लिंबाखाली उभी रचून झाकून ठेवा. पाच वर्षांनी नारळ पडून चार फुटली आणि तोवर कारखान्यानं साचा बदलला असेल, तर बाजारातलं नवं कौल तुमच्या खाचेत बसणार नाही.